बोरोदिनोच्या रणांगणावर पाय कापावा की वाचवावा?

आपण नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीवर कादंबरी लिहीत आहात आणि तिच्यातल्या एका प्रसंगाविषयी विचारले आहे. बोरोदिनोच्या लढाईत एका तरुण फ्रेंच शिपायाच्या मांडीत गोळी लागते आणि हाडाचा चुरा होतो. वरिष्ठ सर्जन पाय तत्काळ कापायला सांगतो, धाकटा सर्जन त्याला विरोध करून पाय वाचवतो आणि काही आठवड्यांनी तो शिपाई सैन्याबरोबर चालत परतीची वाट धरतो. हे वैद्यकीयदृष्ट्या पटते का, त्या काळचे सर्जन सरसकट हातपाय का कापत, आणि भूल व जंतुनाशके नसताना माणसे वाचत तरी कशी, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. आधी लष्करी वैद्यकीय सेवेत आणि नंतर महामार्गालगतच्या एका रुग्णालयात काम केल्यामुळे चुरडलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि लॅरी, पर्सी, गथ्री या नेपोलियनच्या काळातल्या लष्करी सर्जनांच्या कामाचा अभ्यास हा माझा जुना छंद आहे. आपल्या प्रसंगात कापणारा निर्दय आणि वाचवणारा दयाळू अशी जी मांडणी आहे, ती त्या रणांगणावर उलटी होती असे माझे स्पष्ट मत आहे. सर्जनपुढचा खरा प्रश्न ‘हा पाय वाचेल का’ असा नव्हताच. ‘हा माणूस पुढचे दोन-तीन महिने कुठे असेल, कशावर झोपलेला असेल आणि त्याला किती वेळा उचलून हलवावे लागेल’ हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर सर्जनच्या हातात नसून सेनापतीच्या आणि रस्त्याच्या हातात होते.

आधी जखमेचे स्वरूप पाहू. मस्केटची गोळी म्हणजे शिशाचा गोल गोळा, व्यास सुमारे १७ मिलिमीटर आणि वजन पंचवीस-तीस ग्रॅम. आजच्या रायफलच्या गोळीच्या मानाने ती मंद गतीने येते. हाडावर आदळली की शिसे मऊ असल्यामुळे ती चपटी होते आणि हाड फोडून अनेक तुकडे करते. त्याहून वाईट म्हणजे ती एकटी आत शिरत नाही, तर वाटेतल्या कोटाचा, विजारीचा आणि आतल्या कपड्याचा तुकडा बरोबर घेऊन जाते. महिनोन्‌महिने कूच करणाऱ्या शिपायाच्या विजारीवर काय काय असेल, हे सांगायला नको. घोड्यांची लीद आणि शेतातली माती यांत धनुर्वात आणि गॅस गँगरीन (स्नायू झपाट्याने सडवणारा रोग) यांचे जंतू असतात. जिथे रक्तपुरवठा तुटलेला आहे आणि हवा पोहोचत नाही, अशा मेलेल्या स्नायूत ते झपाट्याने वाढतात. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला पाय रुग्णालयात आला की आम्ही आजही सर्वांत आधी हेच करतो: जखम रुंद उघडायची, कापडाचे धागे आणि मातीचे कण वेचून काढायचे, चिमट्यात धरल्यावर आकुंचन न पावणारा आणि कापल्यावर रक्त न येणारा प्रत्येक स्नायू काढून टाकायचा, आणि जखम त्या दिवशी शिवायची नाही. प्रतिजैविके, रक्त आणि बधिरीकरण हाताशी असूनही हे एकदा करून भागत नाही; दोन दिवसांनी पुन्हा उघडून पाहावे लागते.

आता हेच काम जंतूंची कल्पना नसताना, किंचाळणाऱ्या माणसावर, गवताच्या पेंढीवर करायचे आहे असे समजा. चुरा झालेल्या मांडीची जखम पूर्णपणे साफ करायला आम्हाला भुलेखाली एक तास सहज लागतो. भुलेविना तासभर असे काम करता येत नाही. पाय कापायला मात्र कुशल सर्जनला मोजकी मिनिटे पुरत. त्या काळी ॲम्प्युटेशन, म्हणजे अवयव कापून टाकणे, ही जखम साफ करण्याची एकमेव खात्रीची रीत होती. माती, कापड, हाडांचे तुकडे आणि मेलेला स्नायू हे सारे एकाच वेळी शरीरापासून दूर होई आणि उरे ती धारदार सुरीने केलेली, तुलनेने स्वच्छ जखम. गुंतागुंतीची जखम साध्या जखमेत बदलणे हे तत्त्व त्या सर्जनांनी स्वतःही नीट मांडलेले आहे.

कापायचे ठरले तर कधी, हा वाद मात्र जुना होता. १७४५ च्या फाँतनॉयच्या लढाईनंतर फ्रान्समध्ये यावर बरेच लिहिले गेले, आणि १७५६ मध्ये पॅरिसच्या शल्य अकादमीने ज्या निबंधाला पारितोषिक दिले, त्यात थांबून कापण्याचा पुरस्कार होता. इंग्लंडमध्ये जॉन हंटर याचे मतही थांबण्याच्या बाजूचे होते, आणि १७९४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे त्या मताला मोठे वजन आले. युक्तिवाद ऐकायला सयुक्तिक वाटतो: माणूस आधीच हादरलेला आहे, त्याला सावरू द्यावे, ज्वर ओसरू द्यावा आणि मग शस्त्र चालवावे. पण थांबण्याच्या काळात जे मरून जात, त्यांचा हिशेब या युक्तिवादात येत नाही. तीन आठवड्यांनी जो टेबलावर येतो तो आधीच चाळणीतून पार पडलेला असतो.

डॉमिनिक-झाँ लॅरी याने हा वाद रणांगणावर निकालात काढला. १७६६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका खेड्यात जन्मलेला हा सर्जन ऱ्हाइनच्या सैन्यापासून वॉटर्लूपर्यंत जवळजवळ सर्व मोहिमांत होता. पहिल्या चोवीस तासांत कापलेले रुग्ण उशिरा कापलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक संख्येने जगतात, हे त्याने आग्रहाने मांडले. समोरच्या बाजूला स्पेन-पोर्तुगालमध्ये इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यात असलेला जॉर्ज जेम्स गथ्री हा तरुण सर्जनही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला, आणि त्याने दोन्ही गटांतल्या मृत्यूंची आकडेवारी मांडून तो १८१५ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन सैन्यांतले दोन सर्जन एकाच निर्णयाला पोहोचतात, तेव्हा तो निर्णय केवळ सवयीचा किंवा निष्ठुरपणाचा नसतो.

याचे शरीरशास्त्र आज सांगता येते. जखम झाल्यानंतर पहिल्या काही तासांत रक्तदाब उतरलेला असतो, त्यामुळे कापताना रक्त कमी जाते. ऊती अजून सुजलेल्या नसतात, म्हणून धमनीवर बांधलेला दोरा पक्का बसतो. दोन दिवसांनी त्याच ऊती लाल, फुगलेल्या आणि भुसभुशीत होतात. दोरा त्यांना कापून निघतो आणि दहाव्या दिवशी अचानक रक्तस्राव होऊन माणूस जातो. शिवाय तोवर जंतू मांडीत वर चढलेले असतात आणि सुरी निरोगी भागातून चालवली असे सर्जनला वाटले तरी ती तशी चालत नाही.

उशीर झाल्यावर काय होते याचा दाखला वॉटर्लूने दिला. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनची ही शेवटची लढाई झाली. इंग्रज घोडदळाचा सेनापती लॉर्ड अक्सब्रिज याच्या गुडघ्याला तोफेचा मारा लागला, त्याच दिवशी वॉटर्लू गावातल्या एका घरात त्याचा पाय कापला गेला आणि तो लाकडी पायावर १८५४ पर्यंत जगला. याउलट अनेक फ्रेंच जखमी कित्येक दिवस शेतातच पडून होते. चार्ल्स बेल हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ आणि सर्जन लंडनहून ब्रुसेल्सला पोहोचला, तेव्हा लढाईला दहा दिवसांहून अधिक काळ लोटला होता, आणि त्याने या फ्रेंच जखमींवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. एकाची मांडी कापत असताना बाजूला तेरा जण पडलेले होते आणि पुढचा क्रमांक आपला लावा म्हणून सारे विनवीत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. बेलचे कपडे रक्ताने कडक झाले होते आणि सुरी चालवून त्याचे हात निकामी झाले होते. बेलच्या शरीररचनेच्या ज्ञानाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, तरी त्याचे पुष्कळसे रुग्ण दगावले. मला या नोंदीतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि आपल्या कादंबरीलाही ती उपयोगी पडेल: ते शिपाई पाय कापू नका म्हणून रडत नव्हते, तर लवकर कापा म्हणून रडत होते. सडत चाललेली मांडी किती दुखते, हे ज्याने रुग्णाशेजारी उभे राहून पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

चोवीस तासांत कापायचे तर जखमी चोवीस तासांत सर्जनपाशी पोहोचायला हवा, आणि लॅरीचे मोठेपण मला सुरीपेक्षा इथे अधिक दिसते. त्याच्या आधीच्या नियमाप्रमाणे फ्रेंच सैन्यातली रुग्णसेवा सैन्याच्या मागे सुमारे चार किलोमीटरवर थांबे आणि लढाई संपल्यावर जखमी गोळा होत. कधी रात्र पडे, कधी माघार होई, आणि जखमी तिथेच राहत. १७९२ मध्ये लॅरीने पाहिले की घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा रणांगणावर हव्या तिथे धावतात. मग जखमींची गाडी का धावू नये, असा प्रश्न त्याने केला. इटलीत १७९७ मध्ये त्याने ही व्यवस्था पक्की बसवली. प्रत्येक तुकडीला बारा हलक्या गाड्या असत. दोन चाकांच्या, दोन घोड्यांच्या या गाडीच्या पेटीला स्प्रिंग होत्या, बाजूला हवेसाठी छोट्या खिडक्या होत्या, आणि आतली गादीची चौकट रुळांवर पुढे-मागे सरके, म्हणजे जखमीला वाकवून किंवा ओढून आत घालावे लागत नसे. मांडीचे हाड तुटलेल्या माणसाला गाडीत चढवताना काय यातना होतात आणि हाडाची टोके आतल्या धमनीला कशी कापतात, हे या माणसाने पाहिलेले होते, आणि म्हणूनच त्याने ती चौकट तशी केली. सीरियाच्या वाळवंटात गाड्या चालेनात तेव्हा त्याने उंटांच्या दोन्ही बाजूंना टोपले बांधून त्यांत जखमी नेले.

वेलिंग्टनच्या सैन्यात अशी स्वतंत्र व्यवस्था नव्हती. तिथे जखमी नेले जात ते पोर्तुगालच्या भरीव चाकांच्या बैलगाड्यांतून, डोंगरी वाटांनी, दिवसेंदिवस. आपल्याकडे त्याच सुमारास कंपनीच्या सैन्यात जखमींसाठी डोल्या आणि भोई असत, आणि चालत्या माणसाच्या खांद्यावरची डोली तशा गाडीपेक्षा तुटलेल्या हाडाला कितीतरी सुसह्य असते. पण जखमींचे ओझे तिथेही सैन्याच्या पायात येई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत वेलस्लीचे, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनचेच, अकराशेहून अधिक लोक जखमी झाले आणि त्यांना अजिंठ्याला ठेवण्याची सोय लावण्यात त्याचे बरेच दिवस गेले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कशी होई, हेही आपल्याला लागेल. मांडीच्या वरच्या भागावर स्क्रूचा टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळला जाई. तो झाँ-लुई पेती या फ्रेंच सर्जनने १७१८ मध्ये केलेला. एक मदतनीस पाय धरी, दुसरा खांदे. लांब सुरी मांडीखालून वळवून कातडी गोलाकार कापली जाई, ती वर ओढून स्नायू त्याहून वरच्या पातळीवर कापले जात, आणि चिरलेल्या कापडाच्या पट्टीने मांस वर खेचून धरून हाड आणखी वर करवतीने कापले जाई. उद्देश असा की शेवटी मांस हाडाच्या टोकावर उशीसारखे यावे. हाड बाहेर राहिले तर जखम कधीच भरत नाही. मग आकड्याने धमनीचे टोक ओढून दोरा बांधायचा, आणि त्या दोऱ्याचे एक टोक लांब ठेवून जखमेबाहेर लोंबते सोडायचे. धमनीचे टोक कुजून सुटले की दोन-तीन आठवड्यांनी दोरा हलकेच ओढून काढला जाई. वर चिकटपट्ट्या आणि कापसाळ लिंट. लॅरी तर ड्रेसिंग वारंवार न उघडता अनेक दिवस तसेच ठेवी, आणि मला वाटते त्याच्या यशात या सवयीचाही वाटा आहे, कारण एकाच स्पंजाने दहा जखमा पुसणारे हात त्या जखमेपासून दूर राहत.

भूल अर्थातच नव्हती. इथरचा जाहीर प्रयोग बॉस्टनला झाला तो १८४६ मध्ये. थोडी दारू, मिळाला तर अफूचा अर्क, आणि वेग. लॅरीचे निरीक्षण असे की ताज्या जखमीला एक प्रकारची बधिरता आलेली असते आणि तो कापणे अधिक सहन करतो. १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाऊच्या लढाईत बर्फात शस्त्रक्रिया करताना थंडीने बधिर झालेल्या अवयवांना वेदना कमी होतात, हेही त्याने नोंदवले. भीषण अपघातानंतर पहिल्या तासात रुग्ण शांतपणे बोलतो आणि रात्री किंचाळतो, हे आम्ही नेहमी पाहतो, त्यामुळे मला त्याचे म्हणणे खरे वाटते.

आता हे सारे कशावर अवलंबून आहे ते सांगणे आवश्यक आहे, कारण ‘सरसकट’ हा आपला शब्द मला मान्य नाही. नुसत्या मांसातून आरपार गेलेल्या गोळीसाठी कोणीही शहाणा सर्जन पाय कापीत नसे. हात आणि पाय यांतही मोठा फरक होता. हाताचा रक्तपुरवठा उदार असतो, तुटलेला हात गळ्यात बांधून माणूस चालू शकतो आणि त्याला गाडी लागत नाही. म्हणून हात वाचवण्याचा प्रयत्न अधिक वेळा योग्य ठरे. गुडघ्याचा सांधा उघडा पडला, मांडीचे हाड गोळीने फुटले, मुख्य धमनी तुटली किंवा तोफगोळ्याने पाय लोंबत राहिला, तर मात्र निर्णय जवळजवळ ठरलेला असे. मांडीच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये पुढेही शतकभर फारसा फरक पडला नाही. पहिल्या महायुद्धात थॉमस स्प्लिंट रूढ झाला, म्हणजे तुटलेली मांडी ताणून स्थिर ठेवूनच वाहून नेण्याची पद्धत बसली, तेव्हा कुठे ते मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले.

आणि वेळेवर, उत्तम हातांनी कापूनही माणसे मरत. मार्शल लान व्हिएन्नाजवळच्या एस्लिंगच्या लढाईत २२ मे १८०९ रोजी जखमी झाला. लॅरी जवळच होता; त्याने डावा पाय लगेच कापला. नेपोलियनचा हा जिवलग सेनानी ३१ मेला वारला. लॅरीचे नाव घेताना त्याचे हे अपयशही आठवावे, म्हणजे त्याची पद्धत म्हणजे जादू होती असा समज होणार नाही.

उपचारांचा क्रम कसा ठरे, याचाही उल्लेख करतो, कारण आपल्या प्रसंगात साध्या जखमेच्या एका कर्नलला त्या शिपायाआधी घेतले आहे. लॅरीचा नियम असा होता की ज्याची जखम अधिक धोक्याची तो आधी, मग त्याचा हुद्दा आणि देश कोणताही असो. हा नियम सगळीकडे पाळला जाई असे नाही, पण आपला वरिष्ठ सर्जन लॅरीच्या पथकातला असेल तर तो साध्या जखमेच्या कर्नलला थांबवील. मोठ्या अपघाताच्या रात्री आम्ही आजही असेच करतो, आणि ओळखीचा माणूस पुढे घालू पाहणाऱ्या नातेवाइकांना समजावणे हे त्या रात्रीचे सर्वांत कठीण काम असते.

आता आपल्या प्रसंगाकडे येतो. बोरोदिनोची लढाई ७ सप्टेंबर १८१२ ची. पुढच्या चोवीस तासांत लॅरीने दोनशेच्या आसपास ॲम्प्युटेशन केल्याचे सांगितले जाते. हजारो जखमी जवळच्या कोलोत्स्कोये मठात ठेवले गेले, जिथे अन्न, कापड, औषध कशाचाही पुरवठा नव्हता. मॉस्कोहून परतणारे सैन्य ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच वाटेने आले, तेव्हा नेपोलियनच्या आज्ञेने तिथले जखमी गाड्यांवर चढवले गेले, आणि ओझे हलके करण्यासाठी गाडीवाल्यांनी त्यांतल्या अनेकांना वाटेत टाकून दिले. या दोन तारखांमध्ये सात आठवडे आहेत. फुटलेले मांडीचे हाड जंतुसंसर्ग नसतानाही चालण्याइतके जुळायला तीन महिने घेते. म्हणजे पाय न कापलेला आपला शिपाई, पू वाहत असलेली आणि न जुळलेली मांडी घेऊन, ऑक्टोबरच्या थंडीत बिनस्प्रिंगच्या गाडीवर असता. कापलेल्याचा थुटा सात आठवड्यांत भरून येऊ शकतो. तो निदान बसू शकला असता, कोणाच्या घोड्यामागे धरून राहू शकला असता. त्याचीही जगण्याची आशा थोडीच, पण दोघांत फरक आहे आणि वरिष्ठ सर्जनला तो ७ सप्टेंबरलाच दिसला असावा.

तेव्हा बोरोदिनो कायम ठेवायचे असेल तर जखम बदला: गोळी दंडातून जाऊ द्या, हाड एकाच ठिकाणी मोडू द्या आणि धाकट्या सर्जनला तो हात वाचवू द्या. तो शिपाई हात गळ्यात बांधून खरोखर चालत निघू शकतो. मांडीच हवी असेल तर कथा १० एप्रिल १८१४ च्या तुलूझच्या लढाईनंतर न्या आणि शिपाई इंग्रज करा. तिथे युद्ध संपलेले होते, सैन्याला पुढे कूच करायचे नव्हते, शहरात इमारती आणि खाटा होत्या, आणि गथ्री जखमींपाशी राहिला होता. फुटलेल्या मांड्या न कापता ठेवण्याचा प्रयत्न तिथे झाला. काही पाय वाचले, त्यांतले चालण्याजोगे थोडे. आपला शिपाई त्या थोड्यांतला एक, आखूड झालेल्या पायाचा आणि काठी घेऊन चालणारा, असे आपण लिहिलेत तर कोणताही सर्जन आक्षेप घेणार नाही.